कोपराची आतली बाजू

विहिरीला पाणी लागलं असतं तर पुढची कटकट झालीच नसती. पण पाणी न्हाई लागलं. दगड लागले, तेबी चमकणारे.

आमचा तांडा पुसेगावच्या आडवाटेला. माझे सासरे धर्मसिंग यांनी वावरात विहीर काढली तवा अख्खा तांडा सांगून थकला, की ओढ्याच्या अंगाला खोदा, तिकडं ओल आहे. मामा, म्हणजे हे सासरेच, ऐकतील तर शपथ. त्यांना माळाकडची जागा सपनात दिसली होती म्हणं. मग काय, दोन उन्हाळे बाप-लेक त्या खड्ड्यात खपले. पहारीनं, घणानं, सुरुंगानं. काळा पाषाण फुटला आणि त्याच्या पोटात एक पोकळ कप्पा लागला. त्यात पांढऱ्याफेक सुयांचे गुच्छच्या गुच्छ, काही काचेवाणी नितळ. ऊन पडलं की डोळे दिपायचे. पाणी मात्र टिपूसभर न्हाई.

तांड्याचा नायक लालसिंग काठावर उभा राहून म्हणला, "धर्मसिंग, पाणी लागंना तर लागंना, तुझ्या विहिरीला आरसे लागले!" सगळे खो-खो हसले. मामाबी हसले. पण त्या सांजेला त्यांनी ताटातली भाकर नुसती मोडून ठेवली. दुसऱ्या दिवशी ते टोपलं घेऊन गेले आणि ते दगड एकएक करून घरी आणून ठेवले. पोरगं रांगायला लागल्यावर बाप काय जपंल, तसे जपून.

आता एक गोष्ट आधीच सांगते, नसता तुमी म्हणाल ही बाई तोंड शिवून काहून बसली होती. आमच्यात सून सासऱ्याशी बोलत न्हाई. तोंडावर घुंगट, आणि काही सांगायचं तर सासूच्या मार्फत. सासू म्हणजे जिवनबाई, तिला मी याडी म्हणते, आमच्यात आईला याडी म्हणतात. मामा दारात बसलेले, मी चुलीपाशी, मधी हातभर जागा, आणि मी याडीला म्हणायचं, "याडी, मामाला सांग, च्या झाला." मामा ऐकतच असायचे. तरी याडी सांगायची, "अहो, च्या झाला." मग ते कप घ्यायचे. लग्न होऊन आले तवापासून हेच. आणि नवऱ्याचं नाव ओमप्रकाश, हे एकदाच सांगून टाकते, पुन्हा घेणार न्हाई. पुजा माझी पोरगी, म्हणून पुजाचा बाप म्हणीन.

च्याचं ठीक आहे. च्या याडीच्या तोंडून गेला काय अन् माझ्या, च्याच राहतो. पण याडीचा सोभाव असा, की तिच्या तोंडून कडू गोष्ट निघतच न्हाई. मी कारलं दिलं तर पलीकडं ती केळं पोचवणार. घरात भांडण नको, एवढंच तिचं सगळं शास्त्र.

साबणाचं म्हणाल तर तो माझा होता. हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता, बचत गटांचं वारं आलं होतं. सेनगावहून मालनबाई नावाची बाई शिकवायला यायची. बाकीच्या बायांनी पापड धरले, मी साबण धरला. मोहाचं तेल, खोबऱ्याचं तेल, कॉस्टिक सोडा. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधी न्हाई, नसता तोंडावर उसळतं. घोटत राहायचं, पिठल्यावाणी दाट झालं की पेटीत ओतायचं, तारेनं वड्या कापायच्या अन् महिनाभर सावलीत वाळवायच्या. रंगाला गेरू, चेहऱ्याच्या साबणाला मुलतानी माती. तीबी वस्त्रगाळ करून, आधी तेलात भिजवून, गाठ मोडून, मोजक्या चमच्यानं. एकदा शहाणपणा करून तुरटी घातली, तर घाण्यातलं सगळं दुधावाणी फाटलं. तवापासून मी कानाला खडा लावला, की साबणात उगीच काही ढकलायचं न्हाई. आणि काही नवं घातलंच तर आधी आपल्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघायचं. तिथली कातडी लेकरावाणी असते, खोटं बोलत न्हाई.

माझा साबण गोरेगावच्या दोन दुकानांत जायचा. घरात एवढीच एक गोष्ट होती जी सगळी माझ्या हातची होती. तिला नाव होतं. बाया म्हणायच्या, "शिलाचा साबण द्या." माझं नाव घेऊन मागायच्या हो. घरात तर मला कुणी नावानं हाकबी मारत नव्हतं.

एक दिवस पुजाचा बाप आणि मामा वड्या घेऊन हिंगोलीला गेले. तिथला एक दुकानदार वडी हुंगून म्हणला, "भाई, माल अच्छा है. मगर इसमें कुछ चमक डालो. पब्लिक को चमक होना." झालं. मामांच्या डोक्यात वीज चमकली. घरी येईस्तोवर त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं.

"विहीर कोरडी न्हाई गेली," ते दारात बसून बोलून राहिले, याडीला सांगत, पण तांडा ऐकंल एवढ्या मोठ्यानं. "विहिरीनं दिलं. आपल्याला कळलं न्हाई. हे दगड वाटायचे आणि साबणात टाकायचे. मग बघू लालसिंग काय हसतो ते."

मी चुलीपाशी. हातातलं उलथनं तसंच राहिलं. "याडी, मामाला सांग, साबण अंगाला लावायचा असतो. दगडाची भुकटी कितीबी वाटली तरी टोकं राहतात."

याडी म्हणली, "अहो, शिला म्हणते, लई बारीक वाटावं लागंल."

"वाटू की!" मामा म्हणले.

मी कपाळावर हात मारून घेतला. घुंगटाआड मारला, कुणाला दिसणार?

आणि वाटायला बसली कोण? याडीच. दगड घणानं फोडायचे मामांनी, दळायचे याडीनं जात्यावर. वाऱ्यानं भुकटी उडू नये म्हणून दार लावून घेतलेलं. मी पाण्याची घागर घेऊन दार लोटलं तर आत सगळं पांढरं. कवाडाच्या फटीतून ऊन येत होतं, त्यात धूळ चमकून राहिली होती. दिसायला लई सुंदर. याडीच्या पापण्या पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, आणि खोकून खोकून डोळ्यांत पाणी.

"याडी, उठ आधी! ही धूळ छातीत बसली की निघत न्हाई. मालनबाईनं सांगितलंय, दगडाच्या धुळीत काम करणाऱ्या माणसांची छाती पोकळ होते. फडकं बांध, दार उघड, पाणी मारून वाट."

"ओलं केलं की जात्याला चिकटतंय गं. होत आलंय."

"मग मामाला सांग की बंद करा हे!"

ती गेली. मी कवाडाआड उभी, कान देऊन. याडी मामांपाशी बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणली, "धूळ लई उडून राहिली. जरा बारीक चाळणी आणता का?"

खरं सांगते, त्या वेळी मला मामांचा न्हाई, याडीचा राग आला. आणि तिचा खोकला ऐकला की रागाची लाज वाटायची. मग राग कुठं ठेवू? पुजाच्या बापाला धरलं. म्हणलं, तुमी तरी बोला, तुमचा बाप आहे. तो म्हणला, "बोलतो की." दोन दिवसांनी विचारलं तर म्हणला, "मोका बघून बोलतो." त्याचा मोका काही आला न्हाई. माणूस वाईट न्हाई हो. पण गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात, तसंबी न्हाई. ह्याच्या पोटातबी गोगलगायच.

त्याच जात्यावर मग ज्वारी दळली गेली. कितीबी धुतलं तरी खाचेत बसलेला चुरा निघंना. भाकर दाताखाली कचकच करायची. मामांनी घास चावला, थांबले, आणि याडीला म्हणले, "ज्वारीत खडे निघून राहिले. तिला म्हणावं, नीट निवडत जा." मी खाली मान घालून पुढची भाकर तव्यावर टाकली. अन् काय करणार?

उन्हाळ्यात माझ्या भावाचं लग्न निघालं. मला माहेरी जाणं भाग होतं. निघताना याडीला बाजूला घेतलं, तिचे दोन्ही हात धरले. "याडी, माझ्या माघारी साबणाला कुणी हात लावायचा न्हाई. आणि मामा ऐकलेच न्हाईत, तर एक वडीपुरतंच करा म्हणावं, अन् विकायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. इथं. हे बघ, इथं." मी माझी बाही वर करून तिला जागा दाखवली, तिचं बोट धरून तिथं ठेवलं.

"सांगते गं. जा तू."

परत आले तर साबणाच्या खोपटात पेट्या भरलेल्या. एक वडी न्हाई, सगळा घाणा. मामांनी माझं घोटणं रोज दारातून बघितलं होतं, त्यावरून त्यांनी आणि पुजाच्या बापानं मिळून केला होता. कॉस्टिकबी बराबर मोजलं होतं, त्यात चूक न्हाई काढणार. साबण चांगला धरला होता. अन् त्यात माझ्या गेरूच्या वाटीनं, चमच्यानं न्हाई, वाटीनं, भुकटी ओतलेली. वडी उन्हात धरली की आतून चांदण्या चमकायच्या. एवढा देखणा साबण मी जन्मात केला नव्हता. मी बोट फिरवलं तर वरून गुळगुळीत. पाणी लावून फिरवलं, तर बोटाला कसकन लागलं.

"याडी, हे विकायचं न्हाई. फेकून द्या म्हणावं. एकबी वडी बाहेर जायला नको. सांग त्यांना, मी पाया पडते."

याडी बाहेर गेली. मला ऐकू आलं ते एवढंच: "ती म्हणते, अजून महिनाभर सुकू द्या."

मी बाहेर धावणार होते. खरंच उंबऱ्यापर्यंत गेले. मामा समोर होते, पाठमोरे. मी घुंगट ओढला आणि मागं फिरले. महिना आहे, मनात म्हणलं, महिन्याभरात काहीतरी करू.

महिना काय, डोळ्याचं पातं लवलं अन् गेला. मी गेरूचे घाणे करत राहिले, ज्वारी निवडत राहिले, याडी खोकत राहिली. एकादशीच्या सकाळी मी वावरातून शेण घेऊन आले तर पुजा ओसरीवर बसून भोकाड पसरून राहिलेली. याडीनं तिला न्हाऊ घातलं होतं. नव्या साबणानं, नातीला पहिला मान म्हणून. पोरीच्या गालावर, दंडावर, मानेवर लाल लाल ओरखडे, बारीक, मांजरीनं नखं मारल्यावाणी, आणि काही ठिकाणी रक्ताचे ठिपके.

"चोळला जरा जास्त," याडी म्हणली. तिचा चेहरा उतरला होता.

"मामा कुठंत?"

"नरसीला गेले. आज नामदेवाला गर्दी असते. पिशवी घेऊन सकाळच्या जीपनं…"

मी पुजाला काखेत मारलं, याडीचा हात धरला आणि सडकेला लागले. याडी मागून धापा टाकत येत होती, मधीच थांबून खोकत होती. जीप मिळंना. मिळाली ती खचाखच, टपावरबी माणसं. ड्रायव्हर म्हणला, "बाई, जागा न्हाई." मी म्हणलं, "जागा न्हाई तर करा!" तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. माझ्या तोंडून असं कधी निघालं नव्हतं, त्यालाच काय, मलाबी नवल वाटलं.

नरसीला देवळाच्या वाटेवर नारळ, लाह्या, बांगड्यांची दुकानं लागलेली. मधी एका पोत्यावर मामांनी वड्या मांडल्या होत्या. पांढरं धोतर, लाल पागोटं. आणि त्यांचा आवाज! घरात एवढा मोकळा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वडी उन्हात धरून ते म्हणून राहिले होते, "बघा मायबाप, आमच्या विहिरीतली चमक! पाण्याची विहीर सगळ्यांचीच असते, चमकीची फक्त आमची!" माणसं थांबून बघत होती. कुणी हसत नव्हतं. मामा तरुण दिसत होते. मी तिथंच थांबले.

एका बाईनं वडी हातात घेतली होती. कडेवर तान्हं लेकरू, टोपडं घातलेलं. ती म्हणली, "बाबा, लेकराच्या अंगाला चालंल का?"

"काहून न चालंल? हिऱ्यावाणी कांती होईल लेकराची."

मी याडीला ढोसलं. "याडी, बोल. आता तरी खरं बोल."

याडी पुढं झाली. धाप लागलेली. तिनं मामांकडं बघितलं, वड्यांकडं बघितलं, आणि म्हणली, "अहो… उन्हात बसलात, पाणी पिलात का?"

बस्. तिथं माझं डोकं फिरलं. मी घुंगट मागं सारला.

"मामा, ती वडी त्या बाईला देऊ नका."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. नारळवाला आमच्याच बाजूच्या तांड्यातला होता, त्यानं तोंडावर हात ठेवला. मामांनी माझ्याकडं बघितलंच न्हाई. याडीकडं बघून म्हणले, "ही काय म्हणून राहिली?"

"मी तुमच्याशी बोलून राहिले, मामा. याडीला काय विचारता? हे बघा." मी पुजाच्या झबल्याची बाही वर केली. "ही तुमची चमक. हे दगडाचे काटे आहेत, अंगात घुसतात. मोठ्याला ओरबाडतात, तान्ह्याची तर साल काढतील. डोळ्यात गेलं तर? कुणाची भरपाई देता?"

त्या बाईनं वडी अशी टाकली जसा विस्तव. लेकराला छातीशी धरून ती गर्दीत शिरली. कुणी म्हणलं, "फसवतेत हो लोक." कुणी म्हणलं, "सासऱ्याला भर बाजारात… काय दिवस आले." दोन्ही ऐकलं मी. दुसरं जास्त मोठ्यानं बोललं गेलं.

मामांनी पुजाचा दंड धरला. अंगठा फिरवला, ती कळवळली. मग त्यांनी आपले दोन्ही तळवे उघडून समोर धरले, मला दाखवायला की स्वतःला, कोण जाणे.

"मी लावून बघितला होता," ते म्हणले. "तू सांगितलं तसं. हातावर लावून बघा म्हणली होतीस ना? महिनाभर रोज लावला. मला काहीच न्हाई झालं."

ते तळवे. जू घासून बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो, तसे झालेले. दोन उन्हाळ्यांची पहार, घण, दोर. त्या हातात सुई टोचली तरी कळली नसती. मी याडीकडं बघितलं. कोपराच्या आतल्या बाजूला, बोट धरून दाखवलं होतं मी. याडी जमिनीकडं बघून राहिली होती. एवढा मोठा राग तोंडापर्यंत आला होता, आणि ओकायला माणूसच सापडंना. मामांवर काढू तर त्यांनी सांगितलं तसंच केलं होतं. याडीवर काढू तर ती उभी राहूनसुद्धा खोकत होती.

मामांनी वड्या एकएक करून पिशवीत भरल्या. पाच-सहा आधीच विकल्या गेल्या होत्या. त्या कुणाच्या घरी गेल्या, कुणाच्या लेकराला लागल्या, ते मला आजबी माहीत न्हाई. ती बोच गेली न्हाई.

जीपमध्ये मामा मागच्या पायरीवर उभे राहून आले. आत जागा असूनसुद्धा.

तांड्यात आमच्या आधी बातमी पोचली होती. साबणाची न्हाई, घुंगटाची. पाण्यावर गेले तर बाया बोलायच्या थांबायच्या. लालसिंगनं पुजाच्या बापाला गाठून विचारलं, "काय रे, आता घरात नायक कोण?" पुजाचा बाप घरी येऊन मला म्हणला, "जरा सबुरीनं घ्यायचं होतंस."

"तुमी कुठं होता?" मी म्हणले. "तुमचा मोका आला होता तिथं, नरसीला. तुमीच नव्हता."

तो उठून बैलांकडं गेला. मामांनी माझ्या हातची भाकर बंद केली. च्याबी न्हाई. याडी थापायची, तेवढी खायचे, आणि दिवसभर विहिरीच्या ढिगाऱ्यावर बसायचे. गोरेगावच्या एका दुकानदारानं निरोप धाडला, की सध्या माल नको, लोक विचारतात हा तोच साबण का म्हणून. तवा मात्र मी खोपटात बसून रडले. माझं नाव होतं ते. वाटीभर धुळीत गेलं.

मग एक दिवस मी गेरू तेलात कालवत होते, याडी पेटीला कागद लावत होती, आणि दारात खाकरल्याचा आवाज आला. सासरा आला की असाच खाकरतो, सुनेनं घुंगट घ्यावा म्हणून. मी घेतला. सवयच ती.

मामा उंबऱ्याच्या आत आले न्हाईत. उभ्यानंच त्यांनी सदऱ्याची बाही वर केली, कोपराच्या आतली बाजू वर धरली. तिथं लालभडक चट्टा, वर बारीक ओरखडे, खपल्या धरलेले.

"काल इथं लावला," ते म्हणले. "आग आग झाली."

याडीनं माझ्याकडं तोंड फिरवलं. "शिला, ते म्हणतात—"

"तू गप, जिवन," मामा म्हणले. "ऐकून राहिली ती."

खोपटात गेरूचा वास, अन् मी काय करावं मला कळंना. मामांची नजर जमिनीवर होती, पण शब्द माझ्याकडं होते. "शिला, वस्त्रगाळ करून, तेलात भिजवून… थोडा, कितीक टाकला तर चालंल?"

म्हणजे अजूनबी. एवढं होऊन, अजूनबी. याडीचे डोळे मला विनवून राहिले, चिमूटभर म्हण, एक चिमूट म्हणायला तुझं काय जातं. तिनं माझ्या जागी हेच म्हणलं असतं. त्या दोन उन्हाळ्यांतून म्हाताऱ्याच्या हाती एक चिमूट तरी आली असती.

"एक कण बी न्हाई, मामा," मी म्हणले.

त्यांनी बाही खाली ओढली. मग मान हलवली. "बराबर," म्हणले.

त्या दुपारी त्यांनी तोंडाला फडकं बांधलं, राहिलेल्या भुकटीवर पाणी शिंपडून तिचा गारा केला आणि विहिरीच्या ढिगाऱ्यात खोल पुरला. धूळ उडू दिली न्हाई. परत आले, हातपाय धुतले, जात्यापाशी बसले. वरची पाळी उचलून खाचेत बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं. त्यावर चमक होती.

"भाकर कचकच करायची ती ज्वारीनं न्हाई," ते म्हणले. "ह्यानं. तवाच सांगायचं होतंस."

"कुणाला सांगू, मामा?" मी म्हणले.

त्यांची नजर याडीकडं गेली. आमच्या दोघांच्या मधी बसलेल्या याडीला खोकल्याची उबळ आली, ती काही लवकर थांबंना.